तिसऱ्या पाईपचं पाणी

मंडळी, आधी गुन्हा कबूल करते, मग अनुभव सांगते. आठ वर्षांपूर्वी मी एका गटाराचा जीव घेतला.

हसू नका. गटार मरतं. टीसीएल पावडर माहीत असेल — ग्रामपंचायत पिण्याच्या टाकीत चिमूट-चिमूट टाकते ती पांढरी, नाकाला झोंबणारी पावडर. ती दीड पोतं ओतली की गटार अगदी छान मरतं. मी ओतली. जिल्हा परिषदेच्या शाळेत छत्तीस वर्षं "जंतू डोळ्यांना दिसत नाहीत, पण ते असतात" हे पोरांकडून घोकून घेतलेल्या बाईनं ओतली. वय तेव्हा त्रेसष्ट. त्रेसष्टीत माणसाला अक्कल आलेली असते असं ज्यांना वाटतं, त्यांनी मला त्या वर्षी भेटायला हवं होतं... इस्त्रीची साडी, हातात छत्री, गळ्यात चष्म्याची दोरी आणि डोक्यात नुसती हवा!

या ग्रुपवर मला नातीनं घुसवलं. महिनाभर तुमचे अनुभव वाचतेय. एक गोष्ट लक्षात आली — इथली बहुतेक भुतं बायकाच असतात आणि सगळ्या पांढऱ्या साडीत. आमच्या भागात पांढरं कापड पांढरं ठेवायला पाणी लागतं हो, ते कुठून आणतात त्या? असो. मी असल्या गोष्टी कधीच मानल्या नाहीत. शाळेमागच्या चिंचेखाली पोरं जायला भ्यायची, तर मी मुद्दाम तिथं बसून डबा खायचे. एकदा भूत बघायला म्हणून अख्खा चौथीचा वर्ग नेला आणि पानांचे प्रकार शिकवून परत आणला. आजही कुणी विचारलं तर मी "नाही मानत" असंच म्हणते. फक्त पूर्वीसारखं जोरात म्हणत नाही.

आता जागा नीट सांगते, म्हणजे पुढचं कळेल.

आमचं गाव इंदापूर तालुक्यात, अंथुर्ण्याच्या पुढं आत वळल्यावर. नाव लिहीत नाही, गाव लहान आहे आणि माणसं फेसबुकवर आहेत. चहूकडं ऊस, वरच्या अंगाला कालव्याची चारी, खालच्या अंगाला ओढा. सगळ्या गावाचा उतार ओढ्याकडं. त्यामुळं घराघरांतलं मोरीचं, न्हाणीचं पाणी पिढ्यान्‌पिढ्या ओढ्यात, आणि ओढ्यातून खाली वस्तीवर. वस्तीवर आठ-दहा घरं, बौद्धांची. त्यांची विहीर ओढ्याच्या काठालाच. गावाची घाण तिकडंच का जाते असं विचारलं, की गावातला माणूस उताराकडं बोट दाखवायचा. उतार बिचारा काय बोलणार?

मग एका योजनेतून ओढ्याच्या अलीकडं चार गुंठ्यांत कर्दळीचा वाफा झाला. म्हणजे असं — आधी एक चेंबर, त्यात गावाकडून येणारे पाईप पडतात. पुढं गाळ बसायची टाकी. त्यापुढं खडी आणि वाळू भरलेला लांबलचक वाफा, त्यात दाट कर्दळ. काळं पाणी एका टोकाला शिरतं आणि दुसऱ्या टोकाला निघतं ते... पिण्याजोगं नाही, पण खुशाल पाय धुवावेत असं. मग ते ओढ्यात. ही सफाई करतं कोण? थोडी कर्दळ, थोडी खडी, आणि बाकी सगळे खडीला चिकटून राहिलेले जंतू. घाण खाऊन जगणारे चांगले जंतू! हे तेव्हा मला एखाद्या विद्यार्थ्यानं सांगितलं असतं, तर मी त्याला पट्टी हाणली असती.

वाफा झाला, फीत कापली, नारळ फुटला. पण चेंबरच्या जाळीत अडकलेला कचरा रोज काढायचा कुणी? गटाराचं काम म्हटल्यावर सगळी मान वळवायला लागली. तेव्हा माझी थोरली जाऊ उठली. आम्ही सगळे तिला आक्का म्हणायचो. वस्तीवरची कमल तिची मैत्रीण, दोघींनी दुसऱ्यांच्या शेतात खुरपण्या करून जन्म काढलेला. कमलच्या विहिरीला वास मारायचा ते आक्कानं डोळ्यांनी बघितलं होतं. पदर खोचला आणि म्हणाली, "मी करते. माझ्या मोरीचं पानी हाय, मला कसली किळस?"

मी तेव्हा भिंतीआडून ऐकत होते. भिंतीआडूनच, कारण आम्ही दोघी बोलत नव्हतो.

आमची घरं पाठीला पाठ लावून, मधे एक कमरेएवढी भिंत. दोघी विधवा. माझा मुलगा जळोचीला फ्लॅटमध्ये, तिची सुनंदा इंदापूरला दिलेली. दोन म्हाताऱ्या, दोन चुली. भांडण कशावरून, तर सांडपाण्यावरूनच! मी हौसेनं टाइल्सची न्हाणी बांधली आणि तिचं पाणी गेलं आक्काच्या परसात. माझ्या वासाच्या वॉशिंग पावडरीनं तिच्या मिरच्या जळाल्या. ती बोलली. मी — शिकलेली ना — म्हणाले, "अडाणी माणसाशी मी वाद घालत नाही." एवढंच. चौदा वर्षं पुरलं ते वाक्य. मी माझं पाणी खालच्या आळीच्या गटाराला जोडलं. तिनं मात्र "तुज्या पाण्यात माजं पानी नगं" म्हणून वाफा झाल्यावर आपल्या मोरीतून स्वतःचा वेगळा बारका पाईप थेट चेंबरपर्यंत नेला. म्हणून चेंबरमध्ये तीन पाईप पडतात. एक वरच्या आळीचा, एक खालच्या आळीचा, आणि तिसरा फक्त आक्काच्या मोरीचा.

बोलत नव्हतो म्हणजे अगदीच काही नव्हतं असं नाही. आक्का म्हशीशी बोलायची, मला ऐकू येईल असं. रोज चारला वाफ्यावर जायची, दिवेलागणीला परत आली की सुरू. "ऐकलंस का गं चंद्रे, वरच्या आळीतनं आज कटाचं पानी आलंय. कुणाच्या तरी पुरनपोळ्या झाल्या, आपल्याला वास बी न्हाय दिला." "चंद्रे, खालच्या आळीत तीन दिस झालं तेलाचा तवंग न्हाय. चुली बंद हायेत का काय?" गावाचं पाणी ती वर्तमानपत्रासारखी वाचायची, आणि म्हैस आणि मी गपचूप ऐकायचो.

एकदा मला ताप भरला. तीन दिवस अंथरुणातून उठले नाही, कुणाला कळवलंही नाही. चौथ्या दिवशी सकाळी भिंतीपलीकडून आवाज — "चंद्रे, आळीच्या पाण्यात ती वासाची पावडर तीन दिस न्हाय. मास्तरीण पडलीय वाटतं." दुपारी भिंतीवर मुगाच्या पेजेचं भांडं. मी प्यायले, भांडं घासलं, भिंतीवर पालथं ठेवलं. तोंडातून शब्द काढला नाही. काय तो ताठा! आता आठवलं की स्वतःच्याच कानाखाली द्यावीशी वाटते, पण या वयात हात तेवढा वर जात नाही.

आक्का दिवाळीनंतर गेली. झोपेतच. सुनंदा आली, दहावं-तेरावं झालं, चंद्रीला टेम्पोत चढवलं, नळाला बूच मारलं, दाराला कुलूप लावलं, गेली.

त्यानंतरची शांतता सांगता येत नाही मंडळी. चौदा वर्षं जिच्याशी बोलले नाही, ती गेल्यावर मला बोलायला कुणी उरलं नाही. आता माझं पाणी आलं काय, न आलं काय — वाचणारं कुणी नव्हतं.

ग्रामसेवक भाऊसाहेब वाफ्यासाठी माणूस शोधत दारात आले, तेव्हा मी म्हणाले, "मी बघते." लोकांना वाटलं, बाईंची समाजसेवा. खरं कारण असं, की चार वाजले की मला घरात बसवत नव्हतं.

आणि मग तालुक्याच्या तपासणीचं पत्र आलं. साहेब वाफा बघणार. मला वाफ्याला किंचित वास येतोय असं वाटलं. तसा तो नेहमीच यायचा, ओल्या मातीसारखा. पण माझ्यातली शाळेची बाई जागी झाली — जंतू! पंचायतीच्या खोलीतून पावडर काढली आणि दोन दिवसांत दीड पोतं त्या टाकीत आणि वाफ्यात. साहेब आले, नाक वर करून म्हणाले, "वा बाई, अजिबात वास नाही!" मी पदर सावरून म्हणाले, "छत्तीस वर्षं स्वच्छतेचेच धडे दिलेत, साहेब."

आठव्या दिवशी कर्दळ पिवळी पडली. पंधराव्या दिवशी आडवी झाली. वाफ्यात काळं पाणी तुंबलं आणि असा वास सुटला की ऊसतोडीच्या टोळ्यांनी पालं उचलून दुसरीकडं नेली. वरून तुंबलेलं पाणी बांध फोडून ओढ्यात.

कमल आली. साठीची बाई, डोक्यावर एक हंडा, कमरेवर एक, गावच्या नळावरून भरून निघालेली. उभ्या उभ्याच हातातला तांब्या माझ्या नाकापुढं धरला.

"बाई, वास घ्या. आमच्या हिरीचं हाय."

मी पदर नाकाला लावला.

"सुनेला सातवा म्हैना हाय. समदी वस्ती वर येऊन पानी न्हेतीया. पाण्यात काय पडलं का वो? आक्का व्हत्या तवर असं कदी झालं न्हाय."

मी — सत्यमेव जयते फळ्यावर वळणदार अक्षरात लिहिणारी मी — म्हणाले, "चारीला पाणी सुटलंय ना, कालव्याचा गाळ असेल."

कमलनं माझ्याकडं एकदाच बघितलं. "आसंल," म्हणाली आणि हंडे सावरत उताराला लागली.

सरपंच म्हणाले, "बाई, तुमचा वाफा संपला. पुढल्या ग्रामसभेत ठराव घालू, वाफ्याला वळसा घालनारा बगलेचा पाईप कायमचा उघडू आणि पानी पयल्यासारखं सरळ वढ्यात सोडू." म्हणजे वस्तीची विहीर कायमची गेली. ग्रामसभेला एक महिना होता. आणि हे कुणामुळं झालं, ते फक्त मला माहीत होतं.

मी रोज चारला जाऊन बसायचे. करायचं काय ते ठाऊक नव्हतं. नवी कर्दळ लावली, ती चार दिवसांत गेली. तिकडून जाणारी माणसं नाकाला रुमाल लावून वाट वाकडी करायची. मी चेंबरच्या कट्ट्यावर एकटी. समोर ओढा, पलीकडं दूर वस्तीची घरं, मधे तुटलेल्या उसाचं रिकामं रान.

आणि एक दिवस तिसऱ्या पाईपमधून पाणी आलं.

चार वाजले होते. ही वेळ म्हणजे गावाची मोरी झोपलेली असते. धुणी-भांडी उरकलेली, संध्याकाळचा स्वयंपाक सुरू व्हायचाय. वरच्या आळीचा पाईप कोरडा, खालच्याचा थेंब थेंब. आणि तिसऱ्यातून भळभळ आवाज. बादलीभर पाणी पडलं असेल. हिरवट, दाटसर. वाफ्याच्या त्या घाणीतही मला वेगळा वास आला... आंबट ताकाचा. आणि शेणाचा.

पहिला विचार आला तो, आक्काच्या घरात कोण शिरलं? छत्री घेऊन तरातरा वर गेले. दाराला कुलूप जसंच्या तसं. खिडकीतून बघितलं, आत धूळ. म्हटलं, पाईपमध्ये काहीतरी अडकलेलं असेल, ते आज सुटलं. लॉजिक!

दुसऱ्या दिवशी चारला पुन्हा. तिसऱ्या दिवशी पुन्हा.

मी सुनंदाला फोन केला. रविवारी ती इंदापूरहून एसटीनं आली, किल्ली घेऊन. मी तिला म्हणाले, तू मोरीपाशी उभी राहा, मी चेंबरपाशी थांबते, फोन चालू ठेव. ती म्हणाली, "काकू, वेड लागलंय का तुमास्नी?" पण थांबली.

चार वाजले. पाईप गुरगुरला.

"सुनंदा, मोरीत बघ."

"बघते की काकू. खडखडीत हाय. भोकावर कोळ्यानं जाळं केलंय, त्यात माशी वाळून गेलीय."

"नळ?"

"नळाला मी मारल्यालं बूच तसंच हाय. का वो?"

"मग इकडं पाणी कसलं पडतंय गं?"

"कसलं?"

"हिरवट. ताकाचा वास येतोय."

सुनंदा बारीक आवाजात म्हणाली, "काकू... आई असलं पानी वतायची. शेन ताकात कालवायची, वाईच गूळ टाकायची आन्‌ ह्याच मोरीत सोडायची. मी वरडायची, मोरी घान करती म्हनून. तर म्हनायची, खालच्या लेकरांना खाऊ हाय."

मी कट्ट्यावर बसले.

खालची लेकरं! मी ज्यांना दीड पोत्यात मारलं, ती आक्काची लेकरं. तिला कुणी शिकवलं नव्हतं. खत कुजवताना शेणाचा काला लागतो, दही लावताना विरजण लागतं, एवढ्यावरून तिनं ताडलं असणार. आणि मी शिकलेली.

सुनंदा खाली आली, चेंबरमध्ये वाकून बघितलं. ओलं होतं, वास होता. तिसऱ्या पाईपच्या तोंडाला बोटं लावली, मग ती बोटं पदराला पुसली आणि म्हणाली, "मला सहाची यष्टी गाठायचीय काकू." पुन्हा कधी या विषयावर तिनं तोंड उघडलं नाही.

मी तेवढ्यावर थांबणारी नव्हते. दुसऱ्या दिवशी सकाळी बबन प्लंबरला बोलावलं, पाईप उकरायला लावला. अर्ध्या तासात त्याची हाक आली.

"बाई, हिला वर काय जोडलेलंच न्हाय की!"

"म्हणजे?"

"चेंबरपासनं दहा फुटांवर मोडलीय. मागं केबलवाल्यांचा जेसीबी आलता न्हवं, त्येनं उचलून फेकलीय. फुडं माती भरलीय निस्ती."

"मग रोज पाणी येतं ते?"

त्यानं पाईपच्या तोंडात हात घातला, कोरडा बाहेर काढून मला दाखवला. "ह्यातनं? बाई, तुमी उन्हात लई बसताय. बूच मारून टाकू का?"

चार वाजेपर्यंत थांब म्हटलं तर त्याला लासुर्ण्याला जायचं होतं. आणि बूच... खरं सांगते, मी त्याला घाईघाईनं "नको" म्हणाले. इतक्या घाईनं, की तोही चमकला आणि मीही.

त्या दिवसापासून मी काला करायला लागले. शेजारचे तात्या गोठा झाडत होते, तिथं घमेलं घेऊन गेले.

"तात्या, थोडं शेण देता का?"

"बाई, आता गवऱ्या थापताय व्हय?"

"जंतू पाळतेय."

"छत्तीस वर्सं मारलं, आता पाळा!" म्हातारा पोट धरून हसला, पण घमेलं शिगोशीग भरून दिलं. आळीतल्या बायका दारात येऊन बघायला लागल्या, बाईंच्या डोक्यावर शेण. बघा म्हटलं, फुकट आहे. ताक, गूळ, शेण कालवून रोज चारला टाकीत ओतायचे. आणि मी ओतत असताना तिसरा पाईप गुरगुरायचा, आपली बादलीभर भर घालायचा. वर काही जोडलेलं नसलेला पाईप. मी दचकणं सोडून दिलं. माणसाला कशाचीही सवय होते, बघा.

आणि मी बोलायला लागले. सरळ नाही हं, चौदा वर्षांची खोड अशी कशी जाईल? मेलेल्या कर्दळीकडं बघून म्हणायचे, "ऐकलंस का गं कर्दळी, आज कुणाचं तरी ताक फारच आंबट आहे." "कर्दळी, वरच्या आळीतनं शिकेकाईचा फेस आलाय, सगळ्यांनी आज एकदम नाहून घेतलंय." गावातलं सगळं सांगायचे. कोण आजारी, कुणाचं जमलं, चंद्री व्यायलीय असा सुनंदाचा फोन आलाय. तासभर. दिवसभरात माझा आवाज तेवढाच निघायचा.

एका दिवशी पाणी पडायला लागलं आणि मला कर्दळ मधे घालायचा कंटाळा आला. पाईपकडं तोंड करून म्हणाले, "आक्का, मिरच्या माझ्याच पाण्यानं जळाल्या होत्या. मला तेव्हाच दिसलं होतं. आणि हे पावडरीचंही मीच केलं."

काही घडलं नाही. तुम्हाला वाटत असेल वारा सुटला, दिवा विझला... दुपारी चारला कुठला दिवा? पाणी होतं तेवढंच आलं. बादलीभर. मग धार बारीक झाली, मग थेंब, मग काही नाही. मी पदराला डोळे पुसले, घमेलं ओढ्यात विसळलं आणि घरी आले.

अठरा-वीस दिवसांनी वाफ्याच्या वरच्या टोकाला लालसर कोंब दिसला. मग आणखी दोन. वास उतरला. शेवटच्या टोकाला पाणी आधी चहासारखं आणि मग निवळत गेलं. सरपंच स्वतः येऊन बघून गेले, ग्रामसभेत ठरावाचं नावही निघालं नाही. कमलच्या विहिरीचा वास जायला आणखी महिना गेला, पण गेला. तिच्या सुनेला मुलगी झाली. बाळंतिणीचं न्हाणं विहिरीच्याच पाण्यानं झालं, असं ऐकलं.

सगळं चांगलं झालं. फक्त ज्या दिवशी कोंब दिसला, त्याच्या दुसऱ्या दिवशी तिसरा पाईप कोरडा होता. त्याच्या पुढच्या दिवशीही. मी ताकाचं भांडं घेऊन सूर्य लांबच्या उसाआड जाईपर्यंत बसले. मनात काय आलं सांगू? लाज वाटते... मनात आलं, हा कोंब मेला तर बरं. म्हणजे ती परत येईल. एवढी मी चांगली बाई! उठताना गुडघे धरले होते आणि परत जायचं ते घर फार लांब वाटत होतं.

आजवर पाणी आलेलं नाही. वाफा मीच बघते, आता सोबतीला बचत गटाच्या दोघी असतात.

तुम्ही कमेंटमध्ये लिहिणार ते आधीच सांगून टाकते. उसाला दिलेलं पाणी मुरून आलं असेल? तेव्हा शेजारच्या रानातला ऊस तुटून गेला होता आणि रान भेगाळलेलं होतं. कुणाच्या गोठ्याचं पाणी? चेंबरच्या त्या बाजूला गोठाच नाही. माझ्या डोक्याचा भ्रम? असेल, पण मग सुनंदाची बोटं कशानं ओली झाली? एका इंजिनिअर मुलीला मी सगळं सांगितलं. तिनं वहीत आकृती काढली, खोडली, पुन्हा काढली आणि शेवटी म्हणाली, आज्जी, काल्यानं वाफा जगला हे बरोबर आहे, बाकीचं मला नाही माहीत. मलाही नाही. आठ वर्षं झाली, अजून नाही.

एकच काम राहिलं होतं. पुढच्या उन्हाळ्यात मी वस्तीवर गेले. कमल अंगणात नातीला पायांवर घेऊन न्हाऊ घालत होती. मी उभ्या उभ्याच सांगून टाकलं. पावडर, दीड पोतं, कालव्याचा गाळ हे खोटं, सगळं.

तिनं मान वर केली नाही. "पावडरीचं मला तवाच कळलं व्हतं, बाई. हिरीला आदी तोच वास आल्याला. घान वास मागनं आला."

"मग बोलली का नाहीस गं? शिव्या तरी घालायच्या होत्या! महिनाभर मी तिथं एकटी बसून होते. एक माणूस फिरकलं नाही."

कमलनं पोरीच्या डोक्यावर पाणी घातलं, तिचं तोंड पुसलं, आणि मग माझ्याकडं बघितलं.

"एकट्या कुटं व्हता, बाई? रोज चारला हितनं दोगी दिसायच्या कट्ट्यावर. पयल्या दिशी मी उठले व्हते यायला. मग म्हनलं, इतक्या वर्सांनी बोलत्यात दोगी... मदी कशाला जावा."